दोनशे अकरा नातेवाईक आणि एक घंगाळ

वेळ वाचवणं हा माझा पिंड नाही. नागपुरात जन्मलेल्या माणसाचा तो असूही नये. एप्रिल लागला की इथे बारा ते पाच कुणी कुणाला वेळ विचारत नाही. खिडकीला वाळ्याची ताटी लावावी, तिच्यावर तांब्याभर पाणी मारावं आणि त्या वासात पडल्या पडल्या जे सुचेल ते सुचू द्यावं. मला तर अशा वेळी फार सुचतं. आयुष्यात एकदाच, अठ्ठ्याहत्तर सालच्या एप्रिलात, मी वेळ वाचवायला निघालो आणि त्यापायी अठरा वर्षं सांभाळलेल्या मिशा गमावून बसलो.

त्याचं असं झालं. वच्छलाआत्याबाई, म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण, नागपुरातल्या महाल भागातली खोली सोडून मुलाकडे भिलाईला कायमची निघाली. तिच्याजवळ एक पत्र्याची पेटी होती आणि पेटीत दोन अल्बम. आमच्या घराण्यात जेवढे म्हणून फोटो निघाले, तेवढे सगळे त्या दोन अल्बमांत होते. माझ्या वडिलांनी, बापूजींनी, कधी फोटो जमवले नाहीत. कुणी कॅमेरा काढला की ते उठून गोठ्याकडे जात आणि कॅमेरा पिशवीत गेल्याशिवाय परतत नसत. ते वारल्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. पेटी भिलाईला गेली की आमच्या नंदनवन वस्तीतल्या घरात पूर्वजांची एक रेघसुद्धा उरणार नव्हती. म्हणून मी आत्याबाईकडे आठ दिवसांसाठी पेटी मागितली. म्हटलं, साऱ्या फोटोंच्या नकला करून घेतो आणि तू निघायच्या दिवशी पेटी परत तुझ्या हातात देतो.

"बाकीचे फोटो इकडचे तिकडे झाले तरी चालते," पेटी माझ्या मांडीवर ठेवत ती म्हणाली. "पण पह्यल्या पानावर माही माय हाय. तिचा जगात हा एकच फोटो हाय, चंद्रभान. रोज सकाळी तिले पाहतो अन् मंगच तोंडात काही टाकतो मी. आठ दिवस तिच्याबिगर काढीन. नवव्या दिवशी नाई."

मी तिला निश्चिंत राहायला सांगितलं. एवढ्या आत्मविश्वासाने सांगण्याचं कारण असं की नक्कल हा माझा व्यवसायच होता. आमच्या कचेरीत जमिनीच्या नकाशांच्या नकला काढतात आणि मी तिथे वीस वर्षं नक्कल-कारकून होतो. वीस वर्षांत माझ्या हातून कुणाचा बांध वीतभरही सरकला नाही. लोकांना आपापल्या कामाचा अभिमान असतो, मला माझ्या सरळ रेघेचा होता. तेव्हा ज्याने अख्खा तालुका कागदावरून कागदावर उतरवला, त्याला दोनशे अकरा नातेवाईक जड का जावेत, असं मला वाटलं.

पहिल्यांदा मी सक्करदऱ्याच्या रुपरावांच्या स्टुडिओत गेलो. रुपराव पडद्यामागून डोकं बाहेर काढून म्हणाले, "लगीनसराई हाय भाऊ. जित्या माणसाईले फुरसत नाई, तुमच्या मेलेल्याईले कुठून देऊ? जूनमंधी या." मग त्यांनी दया येऊन एवढं सांगितलं की फोटोवरून फोटो घरीही काढता येतो. कॅमेरा वरून सरळ खाली रोखायचा, फोटो सपाट ठेवायचा, ऊन सकाळचं पाहिजे. रोल धुऊन छापून देण्यापुरता वेळ त्यांच्याकडे होता.

कॅमेरा मिळाला शेजारच्या नत्थूजींकडून. नत्थूजी रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. त्यांच्या मेहुण्याचा कॅमेरा त्यांच्याकडे पडून होता आणि निवृत्तीपासून त्यांचा वेळही पडूनच होता. त्यामुळे कॅमेऱ्यासोबत नत्थूजीही आले. त्यांच्या खिशात साखळीचं घड्याळ असे आणि आमच्या गल्लीत कोण किती वाजता कुठे गेलं याची त्यांना बिनचूक माहिती असे. शनिवारी सकाळी आम्ही गच्चीवर एक स्टूल उलटं करून त्याच्या पायांना कॅमेरा बांधला आणि रोल न घालता रंगीत तालीम केली. फोटो ठेवणं, सरळ करणं, अंतर जुळवणं, नत्थूजींनी "चलो" म्हणणं, या सगळ्याला अकरा मिनिटं लागली.

"दोनशे अकरा फोटो," नत्थूजी खडूने गच्चीवरच हिशेब मांडू लागले. "अडतीस घंटे एक्केचाळीस मिनिट. अन् ऊन तुमच्या कामाचं हाय सकाळचे दोन घंटे. एकोणीस-वीस दिवस लागतात. गाडी कवाची निघून गेली, चंद्रभानजी."

मला जेवताना एकदम सुचलं. एका वेळी एकच फोटो काय म्हणून? एका फळीवर एका मापाचे सहा फोटो ओळीत मांडायचे, सहांचा मिळून एक फोटो काढायचा आणि रुपरावांनी मोठा छापला की कात्रीने सहा वेगळे करायचे. नत्थूजींना ताटावरून उठवून बोलावलं. त्यांनी पुन्हा खडू घेतला. पस्तीस सक दोनशे दहा. पस्तीस चौकटींत दोनशे दहा नातेवाईक आणि छत्तिसाव्या चौकटीत एकटी आजी, मोठी, ऐसपैस. रोल बरोबर छत्तीसचा. आम्ही दोघे त्या आकड्याकडे पाहत राहिलो. असा हिशेब आयुष्यात एखाद्या वेळीच जुळतो आणि तो जुळला की माणसाने सावध व्हावं, हे मला आता कळतं.

"अन् अल्बमची पानंच्या पानं काहून नाई काढत?" गोपिकेने, म्हणजे माझ्या पत्नीने, भाकरी थापता थापता विचारलं. "पानावर चार-चार, पाच-पाच फोटो चिकटवलेलेच हायत ना."

बायका किती वरवरचा विचार करतात, असं तेव्हा माझ्या मनात आलं. आत्याबाईच्या यजमानांनी ते फोटो जसे हाती आले तसे खळ लावून थापले होते. कुणाचं लग्न तिरपं, कुणाच्या बारशावर कुणाची पगडी, एक काका तर चक्क दुसऱ्या काकांच्या पोटावर. असल्या वाकड्यातिकड्या पानांची नक्कल माझ्या हातून होणं शक्य नव्हतं. माझी वीस वर्षांची सरळ रेघ आडवी आली. फोटो सुटे करायचे, मापाप्रमाणे लावायचे आणि मगच काढायचे, असं मी गोपिकेला समजावलं. तिने तव्यावरची भाकरी उलटली.

मधल्या मधे मी कचेरीतही एक अर्ज ठोकून दिला. आमच्याकडे नकाशाच्या कामाची एक जाड, लांबरुंद काच होती. ती फोटोंवर ठेवली की फोटो सपाट बसतील, म्हणून ती चार दिवसांकरता मागितली. आमचे अधीक्षक गोपाळराव नियमाचे पक्के. त्यांनी अर्ज तीन प्रतींत मागितला, मग "कारण" या रकान्यात "पूर्वजांचे फोटो" वाचून विचारलं की सदर पूर्वजांच्या नावे जमीन होती काय. होती, म्हटलं. मग सातबारा जोडा म्हणाले. जोडला. अर्ज वर गेला. काचेची मंजुरी आली जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, सोबत अशी अट की काच वापराच्या जागी कचेरीचा एक शिपाई कायम हजर राहील. ती मंजुरी मी अजून जपून ठेवली आहे.

आता फोटो सुटे कसे करायचे? नखाने एक काढून पाहिला, तर एका आतेभावाचा कान पानावरच राहिला.

"पाण्यात टाका," नत्थूजी म्हणाले. "खळ हाय, पाण्यानं सुटते. फोटो तर पाण्यातच पैदा होते गा. माह्या मेहुण्याची अंधारी खोली पाह्यली मी, बादल्याच बादल्या. पाण्यानं त्याले काय होऊन राहिलं?"

हे खरंच होतं. खोटं त्यात काहीच नव्हतं. एकेक पान भिजवून सोडवायला दहा-दहा मिनिटं जाणार होती, म्हणून सगळी पानं एकदमच टाकायची ठरली. वेळ वाचवायची सवय लागली की माणूस थांबत नाही. रविवारी सकाळी माळ्यावरून तांब्याचं मोठं घंगाळ काढलं आणि गच्चीवर नेलं, तर गच्ची गोपिकेच्या ताब्यात. चार खाटांवर लुगडी पसरून तिने वर्षाच्या कुरडया घातल्या होत्या. एप्रिलात गच्ची बायकांची असते, याला आमच्याकडे कुणी हरकत घेत नाही. बऱ्याच बोलाचालीनंतर जिन्याजवळचा कोपरा मला मिळाला, तोही कुरडयांवर कावळे बसू देणार नाही या अटीवर.

घंगाळ भरलं, दोन्ही अल्बमांची पानं त्यात सोडली आणि एका हातात काठी घेऊन मी जिन्याच्या सावलीत बसलो. नत्थूजी घड्याळ लावून जेवायला गेले. अर्धा तास ठेवायचं ठरलं होतं.

त्या दुपारची आठवण मला अजून येते. थोड्या वेळाने खळ सुटू लागली आणि एकेक नातेवाईक पानावरून उठून वर आला. पाणी हलत नव्हतं, तरी ते सगळे अगदी सावकाश फिरत होते. फेटेवाले एक आजोबा एका बाळाजवळून गेले. नवरानवरी बोहल्यावरून सुटून शाळेच्या एका वर्गात शिरली. ज्या दोन काकांचं शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, आयुष्यभर बोलणं नव्हतं, ते एकमेकांना टेकून तरंगत होते. पाण्यावर ऊन पडलं होतं आणि त्या उजेडात सगळ्यांची तोंडं ओली, ताजी दिसत होती. जे मेले ते आणि जे जिवंत आहेत ते, यांत काही फरक उरला नव्हता. मधेच आजी वर आली. डोक्यावर पदर, हाताने रंगवलेलं लालभडक कुंकू, रंगवलेलीच नथ आणि पाणावलेले डोळे. जुन्या बायकांना कॅमेऱ्याची भीती वाटत असेल, असं माझ्या मनात आलं. मी तिला पहिल्यांदाच इतकं नीट पाहत होतो. आजी, मी मनात म्हटलं, तुझ्या या एवढ्या गोतावळ्यात माझंही नाव आहे बरं. दूर कुणाच्या तरी रेडिओवर काही चाललं होतं. तिच्याबरोबर मीही हळूहळू फिरू लागलो, कुठल्या तरी वावरात पोचलो, तिथे बापूजी धुऱ्यावर बसले होते आणि माझ्याकडे पाहून चक्क हसत होते.

नत्थूजींनी खांदा हलवला तेव्हा अडीच वाजले होते. त्यांचाही जेवल्यावर डोळा लागला होता, गार्डाच्या आयुष्यात म्हणे पहिल्यांदाच. कुरडयांवर सात कावळे होते. मी घंगाळात हात घातला आणि झटकन बाहेर काढला. तांब्याचं घंगाळ, एप्रिलचं ऊन, पाणी आंघोळीला चालेल इतकं तापलेलं. भराभर फोटो काढून खाटांच्या मोकळ्या कडांवर पसरले. आतेभावाचा तो कान सोडला तर दोनशे दहा फोटो सहीसलामत होते. आजीचा सर्वांत जुना. तो उचलला तेव्हा दुधावरची साय सरकावी तशी आजी कागदावरून सरकली आणि पाण्यात गेली. क्षणभर पदर तेवढा दिसला. मग पाणी थोडं तांबूस झालं आणि माझ्या हातात एक कोरा पांढरा पुठ्ठा राहिला.

मी ओंजळीने पाणी उपसून पाहिलं, हे सांगायला मला लाज वाटत नाही. नत्थूजी टोपी काढून उभे राहिले. गोपिका वर आली, तिने कावळे पाहिले, मग मला पाहिलं आणि कावळ्यांबद्दल एक अक्षर बोलली नाही. तो कोरा पुठ्ठा तिने माझ्या हातातून घेतला, पदराने पुसला आणि खाली नेऊन देव्हाऱ्यात ठेवला. तेव्हा मला खरोखर भीती वाटली.

बाकीचं काम मात्र सोमवारी आणि मंगळवारी सकाळी झरझर झालं. सहा-सहा फोटो ओळीत, रेघ सरळ, नत्थूजी घड्याळ धरून "चलो" म्हणायला उभे. पस्तीस चौकटी संपल्या. छत्तिसावी उरली. कॅमेरा तसाच बंद करून आम्ही तिघे खाली येऊन बसलो. सहा वर्षांची असताना जिची आई गेली, त्या बाईला येत्या रविवारी मी काय सांगणार होतो?

"मुकाट्यानं खरं सांगून द्या," गोपिका म्हणाली.

"खरं सांगून म्हातारीले गाडीत बसवता का?" नत्थूजी म्हणाले. "भिलाईपर्यंत रडत जाईन ते. दुसरा फोटो काढा. तिच्या डोळ्यात मोतिबिंदू हाय. लुगडं, पदर, कुंकू, नथ, इतकंच तर दिसते फोटोत. एक चौकट बी बाकी हाय."

"अन् बसवता कोणाले? मी नाई बसत. माहं तोंड माह्या मायवर गेलं, तुमच्या आजीवर नाई," गोपिका म्हणाली.

मग गोपिका माझ्याकडे पाहू लागली. नत्थूजीही, मालगाडीचा शेवटचा डबा तपासावा तसे, मला वरपासून खालपर्यंत पाहू लागले.

"हनुवटी तेच," नत्थूजी म्हणाले.

"नाक बी," गोपिका म्हणाली. "मी तं अल्बम उघडला तवाच म्हणणार होती. पण म्हटलं तुमाले राग येईन."

मी रागावलो. मी एका सरकारी कचेरीत वीस वर्षं नोकरी केलेला, दोन वेळा रजिस्टरात चांगला शेरा मिळालेला माणूस होतो. हे सारं मी त्यांना सांगितलं. दोघांनी शांतपणे ऐकून घेतलं. मी अजून बोलत असतानाच गोपिकेने ट्रंक उघडून तिच्या आईचं जुनं लुगडं बाहेर काढलं, आणि नत्थूजी एवढंच म्हणाले, "मिशा तेवढ्या काढाव्या लागतीन."

बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मिशांचं मी फार सांगत नाही. न्हाव्याने दोनदा विचारलं, खात्री आहे ना. रुपरावांच्या स्टुडिओत मागच्या खोलीत गोपिकेने मला लुगडं नेसवलं, नथ दोऱ्याने नाकाला अडकवली, पदर पुढे ओढला आणि म्हणाली, "चालताना जरा लहान पावलं टाका." रुपरावांना आम्ही काहीच समजावलं नव्हतं आणि त्यांनीही काही विचारलं नाही. लगीनसराईत त्यांनी बरंच काही पाहिलेलं असावं. फक्त आत एक गिऱ्हाईक होतं, तोवर बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं.

बाकावर गोपाळराव बसले होते. आमचे अधीक्षक. मुलीचा दाखवायचा फोटो काढायला आले होते, मुलगी आत होती. मला पाहताच ते उठले.

"बसा आजी, उभ्या काहून? इथं पंख्याखाली बसा."

मी पदर आणखी ओढून बसलो. तोंड उघडायची सोयच नव्हती. गोपिकेने सांगितलं, आजीला ऐकू येत नाही. तरी गोपाळराव बोलत राहिले. पोरीच्या लग्नाच्या काळजीने माणूस भिंतीशीही बोलतो.

"आमच्या कचेरीत एक चंद्रभान म्हणून आहे," ते म्हणाले. "त्यानं आजीच्या फोटोसाठी सरकारची काच मागितली. नियमात बसत नाही. पण मी वर शिफारस करून टाकली. म्हटलं, आजकाल आजीची एवढी आठवण ठेवतो कोण? थोडा झोपाळू आहे, पण माणूस चांगला आहे."

वीस वर्षांत ते मला असं कधी बोलले नव्हते. आणि बोलले ते नेमके मी नथ घालून बसलो असताना. उठून त्यांचे हात धरावेत असं मला फार वाटलं. धरले असते तर काय झालं असतं याचा मी अजूनही कधी कधी विचार करतो.

शेवटी माझी पाळी आली. स्टुलावर बसलो. दिव्यांनी आत भट्टी पेटली होती, दोरा नाक कापत होता, मिशांच्या जागी आग होत होती आणि दारातून नत्थूजी घड्याळ दाखवत होते. रुपरावांनी आमचाच कॅमेरा स्टँडवर लावला आणि त्याला डोळा लावून म्हणाले, "आजी, जरा हसा."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्याच क्षणी त्यांनी बटण दाबलं.

शनिवारी सगळं छापून आलं. पस्तीसच्या पस्तीस चौकटी सरळ रेघेत होत्या आणि प्रत्येकीच्या उजव्या कोपऱ्यातल्या माणसावर एक गोल काळी सावली होती. नत्थूजी दोन्ही सकाळी तिथे टोपी घालून उभे होते. एकेक फोटो ठेवला असता तर सावली अख्ख्या फोटोवर पडून पहिल्याच वेळी लक्षात आली असती. आता आमच्या घराण्यातली पस्तीस माणसं कायमची नत्थूजींच्या छायेखाली आहेत. छत्तिसावा फोटो रुपरावांनी आमच्या सांगण्यावरून त्या कोऱ्या पुठ्ठ्याच्या मापात छापला, चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा केला, कोपरे चोळले, कुंकू आणि नथ ब्रशाने रंगवली. इतकी बेमालूम नक्कल मी कचेरीतही कधी केली नव्हती. बाकीचे मूळ फोटो वाळलेल्या पानांवर परत लावून झाले होते, हा मी पहिल्या पानावर चिकटवला आणि रात्रभर ठरवत राहिलो की गप्प बसायचं.

रविवारी आत्याबाई सामान घेऊन थेट आमच्याकडेच आली, गाडी तीनची होती. आल्या आल्या तिने पेटी मागितली. चष्मा पुसला, पहिलं पान उघडलं आणि फोटो डोळ्यांजवळ नेला. तिचं बोट फोटोच्या कडेवरून फिरत होतं. ते बोट पाहून मला गप्प बसवेना.

"आत्याबाई," मी म्हणालो, "ती आजी नाही. आजी माझ्या हातून पाण्यात गेली. हा मी आहे."

गोपिका दाराला धरून उभी होती. आत्याबाईने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या ओठावर, मग पुन्हा फोटोकडे.

"मंग मिशा यासाठी काढल्या का गा?"

मी मान हलवली. तिचे खांदे हलू लागले. मला वाटलं ती रडते आहे, म्हणून मी जवळ गेलो, तर ती हसत होती. पदर तोंडात धरून हसत होती.

"तो तरी कुठं माय होती," ती म्हणाली. "तो दादा होता. तुहा बाप."

मला काहीच कळेना. मग तिने सांगितलं. आई गेली तेव्हा तिचा एकही फोटो नव्हता. आत्याबाई सहा वर्षांची. मायचं तोंड दाखवा म्हणून दोन महिने जेवायची नाही, रात्री दाराशी जाऊन बसायची. बाजारात एक फिरता फोटोवाला आला होता. बापूजी तेव्हा सोळा वर्षांचे, मिसरूडही फुटलं नव्हतं. सगळे म्हणत, पोरगा थेट मायवर गेला. त्यांनी आईचं लुगडं पिशवीत घातलं, बहिणीला खांद्यावर घेतलं आणि बाजारात गेले. कनातीच्या मागे लुगडं नेसले आणि फोटोवाल्यापुढे बसले.

"मी तिथंच होती," आत्याबाई म्हणाली. "पदर म्याच सारखा करून देल्ला. मले माहीत होतं तो दादा हाय म्हणून. पण फोटो हातात आला अन् माय दिसली. त्या दिवशी जेवली मी. दादानं शपथ घातली, कोणाले सांगजो नको. लोक हासतीन."

"मग बावन्न वर्षं रोज सकाळी तू कुणाला पाहत होतीस?"

"दोघाईले," ती म्हणाली.

गोपिकेने डोळ्यांना पदर लावला. आत्याबाई मात्र पुन्हा फोटोकडे पाहून खुदखुदत होती. तिने बोटाने माझ्या रागीट भुवया दाखवल्या.

"पण खरं सांगू का चंद्रभान, हा जास्त जमला. माय अशीच पाहे. साऱ्याईवर चिडलेली, आता उठते अन् एक ठेवून देते अशी. दादाले ते साधलंच नाई. माय काही रडणारी बाई नव्हती, अन् त्यानं तिले रडकी करून टाकली." अल्बम मिटून तिने पेटीत ठेवला आणि पेटी मांडीवर घेतली. "हा घेऊन जातो मी."

स्टेशनवर मी तिला खिडकीजवळ बसवून दिलं. गाडी सुटायला पाच मिनिटं होती आणि माझ्या डोक्यातून काही केल्या एक गोष्ट जाईना. घंगाळातले ते पाणावलेले डोळे. ज्या माणसाला मी जन्मात कधी रडताना पाहिलं नाही, आजोबा गेले तेव्हासुद्धा नाही, जो कॅमेरा दिसला की उठून जात असे, त्याचे ते डोळे होते. आणि मी त्यांना कॅमेऱ्याला भिणारी बाई समजलो होतो.

"आत्याबाई," मी खिडकीच्या गजाला धरून विचारलं, "बापूजी तेव्हा रडत होते?"

"मंग काय," ती म्हणाली. "मी रडून राहिली होती म्हणून सारे मलेच पाहत. पण त्याची बी मायच मेली होती ना गा."